नको असलेल्या व्याजाची नोंद

रमजान हा इबादतीचा महिना, तसाच तो हिशेबाचाही. शहागंज, सिटी चौकातल्या दुकानदारांपासून वाळूज, चिकलठाण्यातल्या छोट्या कारखानदारांपर्यंत अनेक मुस्लिम घरांत या दिवसांत तरावीहची नमाज आटोपली की वह्या उघडतात. माल किती पडून आहे, येणे किती, देणे किती, घरात सोने-चांदी किती, बँकेत शिल्लक किती, हे सारे मांडायचे. देणे वजा करून उरलेली रक्कम निसाबपेक्षा, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून बाजूला काढायचा. बहुतेक जण हे काम फार निगुतीने करतात. शंका आली तर रक्कम थोडी जास्तच धरतात, कमी धरत नाहीत.

गेली काही वर्षे हा हिशेब आणि सरकारी आर्थिक वर्षाचा हिशेब अगदी जवळ आले आहेत. 2025 मध्ये तर ईद-उल-फित्र नेमकी 31 मार्चला आली होती आणि सरकारी व्यवहारांसाठी त्या दिवशी बँकांना काम चालू ठेवावे लागले होते. 2026 मध्ये चंद्रदर्शनानुसार ईद 20 किंवा 21 मार्चला आणि त्यानंतर दहा दिवसांत आर्थिक वर्षाची अखेर. एकाच माणसाच्या टेबलावर एकाच महिन्यात दोन याद्या तयार होतात, एक जकातीची आणि एक सीएला द्यायची. या दोन्ही याद्यांतून एक आकडा हमखास गळतो. तो बँकेच्या व्याजाचा.

जकातीच्या यादीतून तो गळतो, त्याला कारण आहे. इस्लाममध्ये व्याज, म्हणजे रिबा, हराम मानले आहे. जी रक्कम मुळात आपली नाही तिच्यावर जकात कसली? ती चाळिसावा हिस्सा देऊन शुद्ध होत नाही, ती पूर्णच्या पूर्ण हातावेगळी करायची असते. भारतातल्या बहुतेक उलेमांनी याबाबत दिलेला सल्ला असा आहे की, खात्यावर व्याज जमा झाले तर ते बँकेत सोडून देऊ नये. काढून घ्यावे आणि गरजूंना द्यावे, पण सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता. दान म्हणून नव्हे, अंगावरचे ओझे उतरवावे तसे. आपल्या शहरातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे हा नियम काटेकोरपणे पाळतात. घाटीत दाखल झालेल्या एखाद्या अनोळखी रुग्णाच्या औषधाची चिठ्ठी कोणी परस्पर भागवतो आणि नाव न सांगता निघून जातो. त्यामागे काही वेळा हेच पैसे असतात.

दुसऱ्या यादीतून, म्हणजे प्राप्तिकराच्या रिटर्नमधून, तो आकडा गळतो तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होते.

समजा, वाळूज एमआयडीसीत प्रेसचे सुटे भाग करणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मालक पाच वक्त नमाजी, कर्ज शक्यतो टाळणारे. कंपनीचे चालू खाते, त्यावर व्याज मिळतच नाही. पण एका सरकारी कामासाठी बँक गॅरंटी द्यावी लागली आणि बँकेने त्यासाठी वीस लाखांची एफडी करून घेतली. हौस म्हणून केलेली ही ठेव नव्हे, काम हवे असेल तर त्याला पर्यायच नव्हता. सात टक्क्यांनी वर्षाला 1,40,000 रुपये व्याज झाले. बँकेने दहा टक्के टीडीएस कापला, 14,000 रुपये, आणि उरलेले 1,26,000 जमा केले. मालकांनी तेवढी रक्कम काढून गरजूंना वाटून टाकली आणि हिशेबनीसाला सांगितले, "ते पैसे आमचे नाहीत. वहीत धरू नका."

कागदपत्रे सीएकडे गेली. तो म्हणाला, "भाई, बँकेने तर ते तुमच्याच पॅनवर लिहिले आहेत."

"पण आम्ही घेतलेच नाहीत ना साहेब. सगळे देऊन टाकले."

असा संवाद शहरातल्या बऱ्याच करसल्लागारांना नवा वाटणार नाही. समोरचा माणूस लबाड नाही, हे त्यांना ठाऊक असते. पैसे वाचवण्यासाठी व्याज लपवणारा वेगळा असतो आणि त्यात कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. पत्संस्थेतल्या ठेवीवरचे व्याज 'छोटीच तर रक्कम आहे' म्हणून सोडून देणारे प्रत्येक गल्लीत सापडतील. इथे मात्र माणूस एका रुपयाचाही फायदा घेत नाही, उलट आपल्या हातून रक्कम घालवतो. म्हणूनच त्याला आपण काही चुकीचे करतोय असे वाटत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

कायद्याचा प्रश्न साधा आहे. रक्कम कंपनीच्या हाती आली का? आली असेल तर ती उत्पन्न आहे. पुढे तिचे काय केले, हा नंतरचा भाग. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो आणि तो आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणातला आहे. मुंबईच्या सीतलदास तीरथदास यांना न्यायालयाच्या हुकूमनाम्यानुसार पत्नी आणि मुलांना पोटगी द्यावी लागत होती. ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वगळावी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले, पण नोव्हेंबर 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. पैसा तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कायद्याने दुसऱ्याकडे वळला असेल तर तो तुमचे उत्पन्न नव्हे. पण तुमच्या हाती येऊन मग तुम्ही तो कोणाला दिला, अगदी कर्तव्य म्हणून दिला, तरी तो आधी तुमचे उत्पन्न ठरतो. असा तो भेद आहे. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्लाह. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे 1968 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले.

न्यायालयाच्या हुकमाने दिलेली पोटगी जिथे वगळता आली नाही, तिथे स्वतःच्या श्रद्धेने दिलेले व्याज कसे वगळता येईल? श्रद्धा खोटी आहे असे इथे कोणी म्हणत नाही. व्याज आले, ते खर्चाच्या योग्य वाटले नाही, म्हणून देऊन टाकले, या तीन गोष्टींतली पहिलीच नोंद कर विभागाला हवी असते. उरलेल्या दोन तो विचारत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण नोंद करायला तयार असलेले लोकही इथे चुकतात. रिटर्नमध्ये दाखवायची रक्कम 1,26,000 नव्हे, 1,40,000 आहे. कापलेला टीडीएस हा तुमच्या वतीने आधीच भरलेला कर असतो, म्हणून तोही उत्पन्नात धरला जातो आणि मग भरलेला कर म्हणून परत वजा मिळतो. हिशेबात बँक किंवा एफडी खात्याला 1,26,000, टीडीएस येणे खात्याला 14,000 आणि समोर व्याज उत्पन्न 1,40,000 अशी नोंद पडते. नफा-तोटा पत्रकात ते 'इतर उत्पन्न' म्हणून येते. कंपनीचे रिटर्न आयटीआर-6 या नमुन्यात भरायचे असते. त्यात 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' असा स्वतंत्र तक्ता आहे, साधारणपणे व्याज तिथे जाते. गॅरंटीसाठीच्या ठेवीचे व्याज धंद्याचे उत्पन्न म्हणावे की इतर, यावर न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत. 1997 मध्ये तुतिकोरिन अल्कली केमिकल्सच्या प्रकरणात तर कारखाना सुरू होण्याआधीच्या ठेवींवरचे व्याजही सर्वोच्च न्यायालयाने करपात्र ठरवले. तो तक्ता कोणता हे सीए ठरवील. चालू कंपनीला त्यावर कर आहे, याबद्दल वाद नाही.

मुदत संपल्यावरच व्याज देणारी ठेव असेल तर आणखी एक गफलत होते. पैसे हातात आले नाहीत म्हणून नोंद होत नाही. कंपनीला मात्र व्याज जसे साठत जाईल तसे दरवर्षी धरावे लागते. बँकही दरवर्षी टीडीएस कापते आणि तो 26एएस मध्ये दिसतो. 2021 पासून तर वार्षिक माहिती विवरणपत्र, म्हणजे एआयएस, आले आहे. त्यात बँकेने कळवलेले व्याज आकड्यानिशी लिहिलेले असते. त्यामुळे 'दाखवले नाही' आणि 'कळले नाही' यांत आता फार अंतर उरलेले नाही.

जे व्याज दिसतच नाही त्याचे काय? महावितरणकडे कारखान्याची सुरक्षा ठेव असते. वीज कायद्यानुसार तिच्यावर व्याज द्यावे लागते आणि ते वर्षातून एकदा बिलातून वजा होते. बिल कमी आले म्हणून मालक खूश होतात, व्याज मिळाले हे त्यांच्या गावीही नसते. प्राप्तिकराचा परतावा उशिरा आला तर त्यावरही दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. व्याज घ्यायचे नाही असे ठरवलेल्या माणसानेही हे आकडे शोधून काढायला हवेत. नाहीतर एफडीचे व्याज वाटून टाकताना विजेच्या बिलातले व्याज आपण वापरून बसलो, असे व्हायचे. नोंद ही इथे कर विभागाच्या आधी त्याच्या स्वतःच्या कामाची आहे. वहीत व्याजाचे वेगळे खातेच नसेल, तर किती द्यायचे हे कळणार कसे?

यापुढचा प्रश्न खरा अडचणीचा आहे. 22 टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून 25.168 टक्के कर पडतो. 1,40,000 वर तो सुमारे 35,235 रुपये होतो. 14,000 आधीच गेले, आणखी 21,235 भरायचे. मालकांनी तर 1,26,000 वाटून टाकले. हा फरक कोणत्या पैशातून जावा? काही मुफ्तींचे मत असे की, सरकारी बँकेचे व्याज प्राप्तिकराच्या रूपाने सरकारकडेच परत गेले तर हरकत नाही. काही जण म्हणतात, कर ही आपली देणी आहेत, ती व्याजातून फेडणे म्हणजे व्याजाचा फायदा घेणेच. ठेव खासगी किंवा सहकारी बँकेत असेल तर प्रश्न आणखी बदलतो. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. मात्र एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. हा कर त्या व्याजामुळेच उद्भवलेला आहे, व्याज नसते तर तोही नसता. तेव्हा आधी कर बाजूला काढून उरलेले 1,04,765 रुपये वाटणे हा मार्ग समजायला सोपा आहे, आणि ज्याला जास्त खबरदारी हवी त्याने कर स्वतःच्या हलाल कमाईतून भरून पूर्ण 1,40,000 द्यावेत. कर विभागाला दोन्ही चालते.

या ओघात 80जीचाही विषय निघतोच. व्याजाची रक्कम नोंदणीकृत संस्थेला देऊन पावती घ्यायची आणि करात वजावट मागायची, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सवलतीचा दर न निवडलेल्यांसाठी कायद्यात तो बसतो. पण ज्या पैशाचा फायदा नको म्हणून तो दिला, त्याच्याच पावतीवर कर वाचवणे मनाला कितपत पटेल? निदान नियतच्या गोष्टी करणाऱ्याने तरी हे दोनदा तपासावे.

एवढे सगळे मालकाच्या विवेकाचे झाले. पण कंपनी म्हणजे मालक नव्हे. कायद्याने ती स्वतंत्र व्यक्ती आहे. एफडी तिची, पॅन तिचा, व्याज तिचे. संचालकाने ते आपल्या मर्जीने काढून वाटले, तर हिशेबाच्या भाषेत त्याने कंपनीचे पैसे उचलले असा अर्थ होऊ शकतो. आपल्या शहरात दोन धर्मांच्या मित्रांनी मिळून उभ्या केलेल्या कंपन्याही आहेत. तिथे एकाच्या श्रद्धेपायी दुसऱ्याच्या वाट्याचे पैसे परस्पर जाणे बरे नव्हे. त्याने आनंदाने होकार दिला तरी तो कागदावर यावा. कंपनी कायद्यात त्याची सोय आहे. धर्मादाय निधीला देणगी देण्याचा ठराव संचालक मंडळ करू शकते, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत. त्यापुढे जायचे असेल तर भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते. छोट्या कंपनीत भागधारक म्हणजे घरातले दोघे-तिघेच, हे काम अर्ध्या तासाचे आहे.

आणि मग ती सही. कंपनी कितीही छोटी असो, तिचे लेखापरीक्षण सक्तीचे असते. ताळेबंद खरे चित्र दाखवतो, असे लेखापरीक्षक लिहून देतो. त्याच्यापासून एफडीचे व्याज दडवले किंवा 'आमच्या धर्मात चालत नाही, तुम्ही समजून घ्या' म्हणून त्याला गळ घातली, तर खोट्या कागदावर त्याचे नाव चढते. बऱ्याचदा तो सीए हिंदू, जैन किंवा बौद्ध असतो, वीस-वीस वर्षांचे घरोबे असतात, ईदला शिरखुर्म्याला येणारा आणि दिवाळीला फराळाचा डबा पाठवणारा. धर्माचा विषय आला की तो संकोचतो, जास्त बोलत नाही. उद्या नोटीस आली तर मालक म्हणेल मी तर दान केले. सीएला असे काहीच म्हणता येणार नाही. आपली परहेजगारी दुसऱ्याच्या परवान्यावर उभी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि रमजानमध्ये ज्या हुकूक-उल-इबादची, माणसांच्या हक्कांची, एवढी चर्चा होते त्यात हेही आलेच.

कुरआनात व्याजाविषयीच्या सविस्तर आयती सूरह बकरामध्ये, 275 पासून पुढे आहेत. त्या संपतात आणि लगेच 282वी आयत येते. ती संपूर्ण कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. तिचा विषय आहे देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावे, रक्कम छोटी असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होऊ नये, हे सारे तिच्यात आले आहे. व्याजाच्या आयती तोंडपाठ असणाऱ्यांनी पुढचे पान उलटले, तर आपला हिशेबनीस आणि सीए त्यांना तिथे भेटतील.

एक तक्रार मात्र रास्त आहे. ज्याला व्याज नकोच आहे त्याच्यासाठी आपल्या बँकव्यवस्थेत जागा नाही. 2008 मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. 2015 मध्ये दीपक मोहंती समितीने बँकांमध्ये त्यासाठी वेगळी खिडकी असावी असे म्हटले. नोव्हेंबर 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचे माहिती अधिकारातून समोर आले. सर्व नागरिकांना बँकसेवा समान खुल्या आहेत, असे कारण देण्यात आले. सेवा खुल्या आहेत हे खरे, पण गॅरंटीसाठी सक्तीने एफडी करावी लागणाऱ्या छोट्या उद्योजकाला त्यातून उत्तर मिळत नाही. ही मागणी उघडपणे, पुन्हा पुन्हा मांडली पाहिजे. ती मांडणाऱ्याचे स्वतःचे रिटर्न स्वच्छ असेल, तर त्याचे कोणी ऐकेल. आणि नकोशा व्याजाचे आकडे आज कुठे नोंदलेच जात नसतील, तर अशा सोयीची गरज किती आहे हे सरकारला दाखवणार तरी कशावरून?

मागची वर्षे राहून गेली असतील तर दरवाजा बंद झालेला नाही. अद्ययावत रिटर्न भरण्याची मुदत 2025 च्या अर्थसंकल्पात वाढवून संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिने केली आहे. उशिराचा भुर्दंड आहेच. कर आणि त्यावरचे व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षात 25 टक्के, मग 50, 60 आणि चौथ्या वर्षात 70 टक्के जादा. पण विभागाने स्वतः शोधून काढले आणि आलेली रक्कम वहीत न नोंदल्याचे ठरले, तर कायदा त्याला चुकीची माहिती देणे म्हणतो आणि दंड कराच्या 200 टक्के होतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. 31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षाचे रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने, कंपन्यांसाठी एरवीच्या 31 ऑक्टोबरच्या मुदतीत जाईल. वेळ आहे. जकातीची यादी काढायला बसलेल्यांनी बँकेकडून व्याजाचा दाखला याच आठवड्यात मागवून घ्यावा, महावितरणचे वर्षभराचे बिल काढावे आणि दोन्ही कागद एकदा मुफ्ती साहेबांसमोर आणि एकदा सीएसमोर ठेवावेत.